साक्षीचा पिंजरा आणि सज्जातील मुले

१

न्यायालयातील साक्ष दोनदा घडते. पहिल्यांदा ती पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून घडते. दुसऱ्यांदा ती कागदावर घडते. या दोहोंच्या दरम्यान बरेच काही गळून जाते. सत्र न्यायालयापुढील साक्ष सामान्यतः सलग निवेदनाच्या रूपात उतरवून घ्यावी आणि आवश्यक वाटेल तेथेच प्रश्नोत्तरे नोंदवावीत, अशी तरतूद १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७६मध्ये होती. तिचा परिणाम असा होतो की वकिलाने विचारलेला प्रश्न पुसला जातो आणि त्याने काढून घेतलेले उत्तर साक्षीदाराने आपणहून सांगितल्यासारखे दिसू लागते. साक्ष देताना साक्षीदाराचे वर्तन कसे होते याविषयीचे शेरे न्यायाधीशाने लिहावेत, असे त्याच संहितेचे कलम २८० सांगत असे. मात्र कोणते वर्तन नोंदण्याजोगे, हे ठरवणारा न्यायाधीशच. १८९८च्या संहितेतही हेच तत्त्व होते आणि १ जुलै २०२४ रोजी नवी संहिता लागू झाल्यानंतरही ते मूलतः बदललेले नाही. उत्तरापूर्वीची थबकणूक, आवंढा, कोणाकडे तरी गेलेली चोरटी नजर या गोष्टी कागदावर उतरल्या तर उतरतात; बहुधा उतरत नाहीत.

हे गळून गेलेले कोण टिपतो, हा प्रश्न कायद्याइतकाच साहित्याचाही आहे. न्यायालयीन कादंबरीने त्याला दिलेल्या उत्तरांपैकी सर्वांत परिचित उत्तर म्हणजे हार्पर ली यांची १९६० साली प्रसिद्ध झालेली ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी. तीत एका गोंधळलेल्या, भेदरलेल्या आणि खोटे बोलणाऱ्या साक्षीदार तरुणीकडे तीन मुले सज्जातून पाहत असतात. ही मुले नेमके काय पाहतात, काय त्यांच्या नजरेतून निसटते आणि त्यांच्या नजरेला मराठी साहित्यात व महाराष्ट्राच्या न्यायिक इतिहासात कोणते समांतर सापडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार कोठून केला जातो, यालाही महत्त्व आहे. यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यातले राजूर हे कोळशावर आणि चुनखडीवर जगणारे गाव. तालुक्याचे न्यायालय वणीला आणि जिल्ह्याचे यवतमाळला. १९०५पूर्वी या संपूर्ण जिल्ह्यालाच वणी जिल्हा म्हटले जाई. तालुक्याच्या पूर्वेला वर्धा नदी आणि नदीपलीकडे चंद्रपूर जिल्हा. अशा गावातील माणसाला न्यायालय परिचित असते ते ‘तारखे’च्या रूपाने: बुडालेली मजुरी, एसटीचा प्रवास, व्हरांड्यातले ताटकळणे आणि घरी ठेवायला कोणी नाही म्हणून सोबत आणलेले मूल. हार्पर लींचे मेकोम हे कल्पित गाव येथील वाचकाला परके वाटत नाही. त्या गावातही खटला म्हणजे जत्रा असते; लोक शिदोऱ्या बांधून येतात आणि पटांगणात बसून खातात. तथापि राजूरहून ही कादंबरी वाचणाऱ्यासमोर आणखी एक खटला असतो, नदीपलीकडच्या चंद्रपूरचा. त्या खटल्याशेजारी ठेवल्याशिवाय मेकोमच्या खटल्याचा अर्थ आपल्याकडे पुरा होत नाही.

२

कादंबरीतील खटला १९३५च्या उन्हाळ्यात चालतो. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर मायेला युएल या गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा आरोप आहे. त्याचा बचाव अ‍ॅटिकस फिंच करतो. अ‍ॅटिकसची मुले जेम आणि स्काउट व त्यांचा मित्र डिल हे वडिलांना न सांगता न्यायालयात येतात. खाली जागा नसते. रेव्हरंड साइक्स त्यांना कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या सज्जात नेतात आणि तेथील चार माणसे उठून त्यांना पुढची जागा देतात. कादंबरीतील खटल्याचा सारा भाग या जागेवरून दिसतो. मुले गोऱ्यांच्या समाजात जन्मलेली, पण या प्रसंगी बसलेली आहेत ती ज्यांना ज्यूरीत स्थान नाही त्यांच्या रांगेत. त्यांच्या दृष्टिबिंदूला ही दुहेरी जागा लेखिकेने जाणीवपूर्वक दिली आहे.

मायेला एकोणीस वर्षांची. आई नाही. सात भावंडांचे सारे काही तिच्यावर. वस्ती गावाच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यामागे. त्या घाणीच्या परसात फुटक्या भांड्यांतून तिने जिरेनियमची लाल फुले लावली आहेत. ती पिंजऱ्यात येते तेव्हा स्काउटला प्रथम आठवतात ती ही फुले. साक्ष सुरू होताच ती रडू लागते, कारण अ‍ॅटिकसने आपल्या बापाची जी गत केली तीच आपली करील, अशी तिला भीती आहे. अ‍ॅटिकस तिला आदराने संबोधतो, तेव्हा तो आपली टवाळी करतो आहे असे तिला वाटते. न्यायाधीश टेलर यांना सांगावे लागते की तो सर्वांशी असाच बोलतो. तुला मित्रमैत्रिणी आहेत का, हा प्रश्न तिला कळतच नाही. बाप मारतो का, या प्रश्नावर ती नकार देते. बाप त्याच दालनात बसलेला आहे.

या उलटतपासाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. तर्काच्या अंगाने अ‍ॅटिकस जिंकत जातो. मायेलाच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार आहे. बॉब युएल डावखुरा आहे. टॉमचा डावा हात लहानपणी यंत्रात सापडून निकामी झालेला आहे. मात्र जसजसा तर्क पूर्ण होत जातो, तसतसे निवेदन एका वेगळ्याच गोष्टीकडे वळते. तुला कोणी मारले, टॉमने की बापाने, या प्रश्नाला उत्तर येत नाही. स्काउट पाहते ते तिच्या चेहऱ्यावरील भय आणि संताप यांचे मिश्रण. त्याचबरोबर तिला हेही दिसते की वडिलांनी या मुलीला कोणता तरी जबर घाव घातला आहे, तो कोणता हे तिला उमगत नाही, आणि तो घालताना वडिलांना जराही आनंद झालेला नाही. न्यायालयाच्या कागदात या क्षणी फारतर ‘साक्षीदाराने उत्तर दिले नाही’ एवढेच येईल. कादंबरीत मात्र येथे घाव देणारा आणि घेणारा या दोघांची वेदना एकत्र नोंदली जाते. ही नोंद करणारे मूल तिचा अर्थ लावण्यास असमर्थ आहे, म्हणूनच ती नोंद निकालात रूपांतरित होत नाही.

न्यायाधीश टेलर यांची एक भूमिकाही लक्षात घ्यावयास हवी. दालनातून निदान स्त्रिया व मुले तरी बाहेर काढावीत, अशी विनंती त्यांच्याकडे झालेली असते. तूर्त ते ती नाकारतात. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की माणसे जे शोधायला येतात तेच बहुधा पाहतात आणि आपल्या मुलांना त्यात ओढण्याचा त्यांना हक्क आहे. हे मुलांच्या निरागसतेचे कौतुक नाही. मोठ्यांच्या जगाचे ओझे मुलांवर पडणार आहे, याची ती कडवट कबुली आहे.

३

या मुलांकडे ‘निष्पाप नजर’ म्हणून पाहण्याची सवय समीक्षेला आणि वर्गातील अध्यापनालाही लागलेली आहे. ही सवय सोडल्याशिवाय कादंबरीची रचना कळत नाही, कारण सज्जात एक नजर नसून तीन नजरा आहेत.

जेमची नजर कायद्याची आहे. डावा हात आणि उजवा गाल यांचा मेळ बसताच खटला जिंकल्याचे तो मनोमन ठरवून टाकतो. पुराव्यावरून निकाल येतो, या श्रद्धेने तो ऐकतो. म्हणूनच ज्यूरीचा निर्णय ऐकताना सर्वाधिक मोडतो तो जेम. मायेलाच्या साक्षीत त्याला दिसतो तो दोष, विसंगती; माणूस दिसत नाही. डिलची नजर शरीराची आहे. सरकारी वकील गिल्मर टॉमशी ज्या स्वरात बोलतो तो सहन न होऊन तो रडू लागतो व त्याला बाहेर न्यावे लागते. बाहेर भेटलेला डॉल्फस रेमंड जे सांगतो त्याचा आशय असा की या मुलाची उपजत समज अजून मारली गेलेली नाही. थोडा मोठा झाला की तो रडणार नाही. आणि स्काउट? डिलची समजूत घालताना ती गिल्मरचे समर्थन करते. तो साक्षीदारांशी असाच वागतो, आणि शेवटी टॉम कृष्णवर्णीयच, असे ती सहज बोलून जाते. निवेदिका असलेली मुलगीही आपल्या समाजाची शिकवण गिळत असते, हे लेखिकेने लपवलेले नाही.

येथे एक विसंगती जाणवते. डिल टॉमसाठी रडतो, जेम निकालासाठी रडतो. मायेलासाठी कोणीच रडत नाही. तिच्याविषयीचे एकमेव सहानुभूतीचे वाक्य स्काउटच्या मनात उमटते ते मायेलाच्या साक्षीच्या वेळी नव्हे, तर टॉमच्या. टॉम सांगतो की त्या दिवशी घरात मुले नव्हती. मायेलाने वर्षभर एकेक नाणे साठवून सात भावंडांना आइस्क्रीम खायला गावात पाठवले होते. ते ऐकताना स्काउटला वाटते की जगात हिच्याइतके एकटे कोणी नसेल. आरोपीच्या तोंडून फिर्यादी स्त्रीचे एकटेपण कळते. ती स्वतः ते सांगू शकत नाही. तिच्याजवळ त्यासाठी भाषाच नाही. ज्या मुलांनी खरी घटना पाहिली असती ती आइस्क्रीम खायला गेलेली आहेत आणि ज्या मुलांना काही ठाऊक नाही ती सज्जात बसून साक्ष ऐकत आहेत.

तथापि या सहानुभूतीची मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. मायेलाचे एकटेपण खरे असले तरी तिच्या खोट्या साक्षीची किंमत टॉमने आपल्या जिवाने दिली. मूल या दोन गोष्टींची बेरीज-वजाबाकी करीत नाही; दोन्ही पाहते. कादंबरीच्या नैतिक दृष्टीचे मर्म ‘दोन्ही पाहणे’ यातच आहे.

ही रचना सहज सुचलेली नव्हती, याचा पुरावा २०१५मध्ये मिळाला. या कादंबरीच्या आधी, पन्नाशीच्या दशकात लिहिलेले ‘गो सेट अ वॉचमन’ हे हस्तलिखित त्या वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यात अशाच एका खटल्याची आठवण थोडक्यात येते आणि तो आरोपी निर्दोष सुटतो. सज्जा तेथेही आहे. मात्र तेथे बसलेली स्काउट प्रौढ आहे आणि ती खाली पाहते ते वर्णश्रेष्ठत्ववाद्यांच्या सभेत बसलेल्या आपल्या वडिलांना. प्रौढेची नजर वडिलांवर निकाल देते. लेखिकेने पुढे खटला केंद्रस्थानी आणला, निकाल फिरवला आणि सज्जात मुले बसवली. या तीन बदलांतून एक स्वतंत्र कादंबरी जन्मली.

तिच्यामागे इतिहासही होता. २५ मार्च १९३१ रोजी अलाबामा राज्यात मालगाडीतून प्रवास करणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय तरुणांना अटक झाली. व्हिक्टोरिया प्राइस आणि रुबी बेट्स या दोन गोऱ्या गिरणी-कामगार स्त्रियांनी त्यांच्यावर बलात्काराचा आरोप केला. स्कॉट्सबरो खटला म्हणून तो गाजला. १९३३च्या फेरसुनावणीत रुबी बेट्स बचावाच्या बाजूने उभी राहिली आणि आपली पूर्वीची साक्ष खोटी होती असे तिने सांगितले. तरीही ज्यूरीने आरोपीला दोषीच ठरवले. गरीब गोऱ्या स्त्रीची साक्ष तिने खोटी दिली तेव्हा ग्राह्य होती आणि खरी दिली तेव्हा अग्राह्य ठरली. साक्षीचे मोल तिच्या सत्यतेवर नव्हे, तर ऐकणाऱ्यांच्या गरजेवर ठरले. मायेला युएलच्या व्यक्तिरेखेचा अर्थ या इतिहासाच्या प्रकाशात अधिक गडद होतो.

४

मराठीत न्यायालयीन कादंबरीची परंपरा क्षीण आहे. साक्ष देणारी स्त्री आणि तिच्याकडे पाहणारा समाज हा विषय मात्र मराठीला नवा नाही. १८८१ साली सुरत येथे विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला आपले अर्भक मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. या खटल्यावरून वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी झोड उठली तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. ते १८८२मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाले. ताराबाई त्या खटल्यात कोणी नव्हत्या. वऱ्हाडातून दूरच्या न्यायालयाकडे पाहणारी ती एक प्रेक्षक. आरोपी स्त्रीला जे विचारले गेले ते त्यांनी उलटून न्याय करणाऱ्या पुरुषवर्गाला विचारले. उलटतपासाची दिशा बदलणारे मराठीतील हे आद्य लेखन म्हणावे लागेल.

हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९०पासून ‘करमणूक’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची निवेदिका यमू आपली हकिगत बालपणापासून सांगते. तेथे न्यायालय नाही. घर हेच न्यायालय आहे. आईला सोसावे लागणारे मुलगी पाहते आणि त्याचा अर्थ तिला पुढे, स्वतः तेच सोसताना, कळतो. पाहणारे मूल आणि साक्ष देणारी स्त्री या दोन्ही भूमिका येथे एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतात. कादंबरीचे शीर्षकच साक्ष ऐकणाऱ्याच्या अभावाविषयीचा प्रश्न आहे.

या परंपरेत सर्वांत महत्त्वाचे वळण विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाने घेतले. अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली, सुलभा देशपांडे यांच्या भूमिकेसह ते १९६७ साली रंगमंचावर आले. मुंबईहून एका गावी प्रयोगासाठी आलेली मंडळी वेळ घालवण्यासाठी अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडतात आणि लीला बेणारे या शिक्षिकेला आरोपी करतात. आरोप भ्रूणहत्येचा, म्हणजे विजयालक्ष्मीवरील आरोपाच्याच कुळातला. खेळ म्हणता म्हणता तिचे खाजगी आयुष्य पिंजऱ्यात येते. या नाटकाची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे त्यातील एकाच पात्राकडे लक्ष वेधावयाचे आहे. ते म्हणजे त्या गावचा सामंत.

सामंत प्रौढ आहे, पण नाटकातील त्याचे स्थान मुलाचे आहे. न्यायालय त्याने पाहिलेले नाही. ते कसे चालते हे समजून घेण्यासाठी तो उत्सुक आहे. पुतण्यासाठी घेतलेला कापडी हिरवा पोपट त्याच्याजवळ आहे. साक्षीदार कमी पडतो म्हणून त्याला पिंजऱ्यात उभे केले जाते आणि काय सांगावे हे न सुचल्याने तो हातातल्या कादंबरीतील प्रसंग बेणारेविषयीची साक्ष म्हणून सांगत सुटतो. बनावट म्हणून दिलेली ही साक्ष खऱ्याला जाऊन भिडते आणि बेणारे कोंडीत सापडते. पाहणारा निरागस माणूस येथे खोटा साक्षीदारही झाला आहे आणि त्याला खोटी साक्ष पुरवली आहे ती कादंबरीने. तेंडुलकरांनी साहित्यालाच पिंजऱ्यात उभे केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. बाजारी कादंबरीने तयार करून ठेवलेली ‘तसल्या बाई’ची प्रतिमा वास्तवातील स्त्रीविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाते.

नाटकात मुले रंगमंचावर येत नाहीत. तरी ती सर्वत्र आहेत. प्रारंभी बेणारे आपल्या शाळेतील मुलांविषयी ज्या उमाळ्याने बोलते तो तिचा सर्वांत सच्चा स्वर आहे. पुढे त्याच मुलांच्या नावाने तिला शाळेतून काढण्याचे ठरते. तिच्या पोटातील मुलाविषयीचा निकाल काशीकर न्यायाधीश म्हणून देतात. अखेरीस सारे निघून जातात आणि निश्चल पडलेल्या बेणारेजवळ सामंत तो पोपट हळूच ठेवतो. त्याला काय घडले हे पुरते कळलेले नाही. आपल्या साक्षीचा त्यात वाटा होता, हेही कदाचित कळलेले नाही. स्काउटच्या मनातील त्या एका वाक्याचे काम येथे एक खेळणे करते. फरक एवढाच की स्काउट सज्जात होती. सामंताच्या हाताला खेळात सामील झाल्याचा डाग आहे.

५

नाटक रंगमंचावर येऊन पाच वर्षेही झाली नव्हती, तेव्हा विदर्भात एक घटना घडली. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मजुरी करणाऱ्या एका अनाथ आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. ती सुमारे चौदा ते सोळा वर्षांची होती. भावाने केलेल्या तक्रारीमुळे तिला ठाण्यात बोलावले गेले होते; आरोपी दोन पोलीस शिपाई होते. तिचे नाव पुढे त्या प्रकरणाचेच नाव होऊन बसले. ते येथे पुन्हा लिहिण्याचे प्रयोजन नाही.

१ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. साक्ष देणारी मुलगी खोटारडी आहे, तिचे पूर्वायुष्य पाहता तिची संमती असली पाहिजे, असा न्यायालयाचा कल होता. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निर्णय फिरवला. भीतीपोटी आलेली निमूट शरणागती आणि संमती या भिन्न गोष्टी आहेत, असे खंडपीठाने मानले. १५ सप्टेंबर १९७८ रोजी ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना पुन्हा मुक्त केले. शरीरावर जखमा नव्हत्या, प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, आरडाओरडा झाला नव्हता, ही त्यामागील प्रमुख कारणे. सप्टेंबर १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार विधि-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि त्यातून देशव्यापी चळवळ उभी राहिली.

या तीन निकालांकडे साक्षीच्या वाचनाचे तीन प्रकार म्हणूनही पाहता येते. सत्र न्यायालयाने साक्षीत विसंगती शोधल्या. ही जेमची पद्धत, फक्त जेमचा प्रामाणिकपणा वगळून. सर्वोच्च न्यायालयाने मौनाचा अर्थ संमती असा लावला. उच्च न्यायालयाने एक वेगळा प्रश्न विचारला: ती गप्प का राहिली असेल? पोलीस ठाणे, रात्रीची वेळ, गणवेशातील माणसे आणि समोर एक पोरकी मुलगी. मौनामागची परिस्थिती पाहणारा हा प्रश्न स्काउटच्या प्रश्नाच्या जवळचा आहे.

येथेच मेकोम आणि चंद्रपूर यांतील भेद ठळक होतो. मायेला खोटे बोलली आणि तिच्यावर विश्वास ठेवला गेला, कारण आरोपी कृष्णवर्णीय होता. देसाईगंजची मुलगी खरे बोलली आणि तिच्यावर विश्वास ठेवला गेला नाही, कारण ती आदिवासी, गरीब आणि समाजाच्या व्याख्येत न बसणारी होती. दोन्हीकडे साक्षीचे मोल साक्षीबाहेर ठरलेले होते. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही केवळ एका भल्या वकिलाची कथा म्हणून विदर्भातील वर्गात शिकवली गेली, तर तिच्यातून एक घातक धडा निघू शकतो. पिंजऱ्यात रडणारी, थबकणारी, प्रश्न न कळणारी स्त्री बहुधा खोटे बोलत असते, असा तो धडा. अमेरिकेच्या दक्षिणेत अशा आरोपांचा उपयोग वर्णद्वेषाचे हत्यार म्हणून झाला. आपल्याकडे जातीच्या उतरंडीत तोच संशय पीडित स्त्रीवरच उलटतो. ज्या लक्षणांवरून मायेलाचे खोटे उघडे पडते, तीच लक्षणे भेदरलेल्या खऱ्या साक्षीचीही असू शकतात. लक्षणावरून सत्य ठरत नाही. लक्षणावरून फक्त एवढे कळते की हा माणूस संकटात आहे. मुले पाहतात ते हे संकट.

६

चळवळीचे फलित म्हणून १९८३मध्ये फौजदारी कायद्यांत दुरुस्ती झाली. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने ते गृहीत धरावे, असे पुरावा कायद्याचे कलम ११४-अ सांगू लागले. पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरले. अशा खटल्यांची सुनावणी बंद दाराआड होऊ लागली. फिर्यादी स्त्रीचे चारित्र्य वाईट असल्याचे दाखवून तिची साक्ष खच्ची करण्यास वाव देणारे कलम १५५(४) मात्र जाण्यासाठी २००२च्या दुरुस्तीपर्यंत वाट पाहावी लागली. सुखात्मे वकिलाने खेळातल्या कोर्टात जे अस्त्र वापरले, ते खऱ्या कोर्टात नाटकानंतर पस्तीस वर्षे कायदेशीर होते.

दार बंद झाले, हे योग्यच झाले. साक्ष देणाऱ्या मुलीला गावाच्या जत्रेपासून वाचवणे ही न्यायाची किमान अट आहे. न्यायाधीश टेलर यांनी जी विनंती नाकारली, तिच्या पलीकडे जाऊन भारतीय कायद्याने सज्जाच रिकामा केला. परंतु याचा एक परिणाम साहित्याच्या विद्यार्थ्याने ओळखला पाहिजे. आता अशी साक्ष प्रत्यक्ष पाहणारा समाज उरलेला नाही. उरला आहे तो निकालपत्र वाचणारा समाज. निकालपत्रात प्रश्न पुसलेले असतात, मौन संमती होऊ शकते, थबकणे विसंगती होऊ शकते. त्या दालनातील श्वास ऐकण्याची जागा फक्त कादंबरीत आणि रंगभूमीवर उरते. म्हणून त्या जागेची जबाबदारी वाढते. सामंताच्या हातातील कादंबरीसारखी ती तयार साक्ष पुरवणारी होऊ शकते. स्काउटच्या निवेदनासारखी ती निकालाआधी माणूस दाखवणारीही होऊ शकते.

राजूरच्या बसथांब्यावर तारखेला निघालेल्या बाईसोबत एखादे मूल असते. न्यायालयात गेल्यावर त्याला व्हरांड्यात बसवले जाते आणि आई आत जाते. बाहेर आल्यावर तिचा चेहरा ते मूल पाहते. आत काय विचारले गेले, हे त्याला कधीच कळत नाही. मराठी कादंबरीने अजून त्या व्हरांड्यातल्या मुलाला आपला निवेदक केलेले नाही. ज्या दिवशी ती करील, त्या दिवशी तिला मेकोमच्या सज्जाचे अनुकरण करण्याची गरज राहणार नाही. ताराबाईंनी बुलढाण्यातून सुरतेकडे पाहिले ती नजर तिच्या परंपरेत आधीपासूनच आहे.